बूट डिस्क बनवण्याचा ताप त्याने निम्म्यावर आणला, पण जगाने नाव लक्षात ठेवलं बिल गेट्सचं

विंडोजचा कॉम्प्युटर उघडला की पहिला ड्राइव्ह दिसतो तो सी. मग डी, मग ई. कधी विचार केलाय का, ए आणि बी कुठे गेले?

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासच्या फिया भरल्यात त्यांना उत्तर माहीत असेल. ए आणि बी हे फ्लॉपीचे ड्राइव्ह. कॉम्प्युटर सुरू करायचा तर आधी ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी सरकवायची, मग बटण दाबायचं. घर्र घर्र आवाज यायचा आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायची. त्या फ्लॉपीला म्हणायचं बूट डिस्क. आज विंडोज उडालं की आपण मित्राकडून पेनड्राइव्ह बूटेबल करून आणतो, ते त्याच फ्लॉपीचं नातवंड.

पण ही बूट डिस्क बनवणं एकेकाळी इतकं किचकट होतं की कॉम्प्युटर विकत घेतलेला माणूस आठवडाच्या आठवडा त्यातच अडकून पडायचा. कारण बाजारातली तयार डिस्क तुमच्या मशीनवर चालेलच याची गॅरंटी नसायची. ती तुमची तुम्हालाच तुमच्या मशीनसाठी घडवून घ्यावी लागायची.

या सगळ्या भानगडीच्या मध्यभागी एक माणूस उभा आहे. त्याचं नाव गॅरी किल्डॉल. घरगुती कॉम्प्युटरमध्ये ए ड्राइव्ह, बी ड्राइव्ह ही पद्धत रुजवली त्याने. बायोस हा शब्द दिला त्याने. आणि तरीही त्याचं नाव घेतलं की दहातले नऊ जण विचारतात, हा कोण?

तर सुरुवातीपासून बघू.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. घरचा धंदा जरा वेगळाच. त्याच्या आजोबांनी जहाजावरच्या लोकांना दिशा काढायला, नौका हाकायला शिकवणारी शाळा काढली होती. वडीलही तिथेच शिकवायचे. गॅरीही तरुणपणी तिथे शिकवायला लागला. पोरगा पुढे हाच धंदा सांभाळणार असं घरच्यांनी गृहीत धरलं असणार. पण त्याला गणिताची गोडी लागली, त्याने युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये प्रवेश घेतला आणि तिथे त्याची गाठ कॉम्प्युटरशी पडली.

तो काळ व्हिएतनाम युद्धाचा. सक्तीच्या लष्करी सेवेतून गॅरीचीही सुटका नव्हती. पण त्याचं शिक्षण बघून त्याला बंदुकीऐवजी खडू मिळाला. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथल्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये नौदलाच्या अधिकाऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायचं काम त्याला लागलं. १९७२ मध्ये त्याने पीएचडी पूर्ण केली. १९७३ साली त्याने प्रोग्रॅम आपोआप सुधारण्याच्या गणितावर एक शोधनिबंध लिहिला. कंपायलर शिकणाऱ्या पोरांना त्यातली पद्धत आजही शिकवतात. म्हणजे माणूस नुसता जुगाडू नव्हता, पक्का अभ्यासू होता, हे इथे लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत ते उपयोगी पडेल.

त्याच सुमारास इंटेल नावाच्या नव्या कंपनीने ४००४ नावाची एक चिप बाजारात आणली होती. नखाएवढ्या तुकड्यावर अख्खा प्रोसेसर. इंटेलवाल्यांना वाटत होतं ही चिप कॅल्क्युलेटर, सिग्नल, वजनकाटे असल्या गोष्टींत जाईल. गॅरीला मात्र त्यात कॉम्प्युटर दिसला. तो आठवड्यातला एक दिवस इंटेलसाठी काम करू लागला. या छोट्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिणं सोपं व्हावं म्हणून त्याने पीएल/एम नावाची भाषा बनवली. इंटेलने ती घेतली. मोबदल्यात गॅरीला मशीन मिळाली आणि ती त्याने थेट आपल्या वर्गात आणून ठेवली.

आता अडचण वेगळीच होती. मशीन आहे, भाषा आहे, पण लिहिलेला प्रोग्रॅम ठेवायचा कुठे?

त्या वेळचा उपाय म्हणजे कागदी पट्टी. टेलिटाइप नावाचं टाइपरायटरसारखं यंत्र कागदाच्या लांबलचक पट्टीला भोकं पाडायचं आणि तीच भोकं परत वाचायचं. वेग किती, तर सेकंदाला १० अक्षरं. १६ हजार अक्षरांचा प्रोग्रॅम मशीनमध्ये चढवायचा म्हणजे जवळपास २७ मिनिटं नुसतं बघत बसायचं. मध्येच पट्टी फाटली की पुन्हा पहिल्यापासून.

फ्लॉपी तेव्हा नुकतीच आली होती. आठ इंचाची, जेवणाच्या ताटाएवढी म्हटली तरी चालेल. गॅरीने शुगार्ट नावाच्या फ्लॉपी ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीत जाऊन गळ घातली आणि १० हजार तासांच्या चाचणीत झिजून निघालेला एक ड्राइव्ह फुकट पदरात पाडून घेतला. पण ड्राइव्ह म्हणजे नुसता सांगाडा. तो चिपशी जोडायला कंट्रोलर लागतो. गॅरीने तो स्वतः बनवायचा प्रयत्न केला आणि साफ फसला. हार्डवेअर हा त्याचा प्रांत नव्हता. शेवटी त्याने युनिव्हर्सिटीतला जुना मित्र जॉन टोरोडी याला बोलावलं. टोरोडीने कंट्रोलर बनवला आणि गॅरीने तो चालवायला प्रोग्रॅम लिहिला.

१९७४ साली पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या छोट्या गावात, गॅरीच्या घरी, दोघांनी तो प्रोग्रॅम कागदी पट्टीवरून मशीनमध्ये चढवला, तिथून फ्लॉपीवर उतरवला आणि मग फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. पडद्यावर प्रॉम्प्ट आला. म्हणजे या घराण्यातली पहिली बूट डिस्क कागदाच्या पट्टीतून जन्मली.

त्या प्रोग्रॅमचं नाव सीपी/एम. गॅरीने आधी तो इंटेललाच देऊ केला. इंटेलला भाषा हवी होती, ऑपरेटिंग सिस्टीम नको होती. इतिहासातले असे नकार वाचले की हळहळ वाटते, पण त्या वेळी एक कॉम्प्युटर घरात ठेवणारं गिऱ्हाईकच अस्तित्वात नव्हतं. इंटेलवाल्यांना वेड्यात काढण्यात अर्थ नाही.

दरम्यान गॅरीने एक भलताच उद्योगही करून बघितला. नाणं टाकलं की तुमचं भविष्य छापून देणारं मशीन. जत्रेतल्या पोपटवाल्याची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती समजा. ते मशीन काही चाललं नाही, पण त्यासाठी लिहिलेली छोटी-मोठी साधनं सीपी/एमच्या कामाला आली.

गॅरी आणि त्याची बायको डोरोथी मॅकएवेन यांनी मिळून कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. डिजिटल रिसर्च हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं म्हणून पुढे आकाशगंगा जोडावी लागली. ते नाव मोकळं झाल्यावर आकाशगंगा काढून टाकली. गॅरी कोड लिहायचा आणि डोरोथी ऑर्डरी, पत्रव्यवहार, करारमदार बघायची. १९७६ मध्ये छंदी लोकांच्या मासिकात जाहिरात आली, सीपी/एम ७० डॉलरला.

आणि इथे आपली बूट डिस्कची गोष्ट सुरू होते.

१९७५ मध्ये अल्टेअर आला आणि त्याच्या मागोमाग कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलं. कुणी गॅरेजमध्ये बनवतंय, कुणी पोस्टाने सुटे भाग पाठवतंय. प्रोसेसर बहुतेकांचा एकाच घराण्यातला, इंटेल ८०८० किंवा झायलॉग झेड-८०. पण बाकी सगळं ज्याचं त्याचं. फ्लॉपी कंट्रोलर वेगळा, कीबोर्ड जोडायची जागा वेगळी, प्रिंटरची तऱ्हा वेगळी, मेमरी कुणाकडे १६ के तर कुणाकडे ६४ के.

सुरुवातीला गॅरी प्रत्येक नव्या मशीनसाठी सीपी/एम स्वतः दुरुस्त करून द्यायचा. आत शिरायचं, जिथे जिथे फ्लॉपीशी किंवा कीबोर्डशी बोलणारा कोड आहे तिथे तिथे बदल करायचा, पुन्हा सगळं बांधायचं. चार गिऱ्हाइकं झाली तेव्हाच त्याच्या लक्षात आलं असणार की आपण आयुष्यभर हेच करत बसणार.

मग आली इमसाई. ही कंपनी अल्टेअरसारखाच कॉम्प्युटर विकत होती. त्यांनी गिऱ्हाइकांना फ्लॉपी ड्राइव्ह देण्याचा शब्द दिला होता, पण ड्राइव्ह चालवायला ऑपरेटिंग सिस्टीमच नव्हती. इमसाईसाठी काम करणारा ग्लेन युइंग हा गॅरीच्याच नेव्हल स्कूलशी संबंधित. तो गॅरीकडे आला. पुन्हा सगळा कोड उसवायचा गॅरीला कंटाळा आला होता. तेव्हा दोघांनी बसून मशीनवर अवलंबून असलेला सगळा भाग एका बाजूला काढला आणि त्याचा वेगळा तुकडा केला.

त्या तुकड्याचं नाव ठेवलं बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम. थोडक्यात, बायोस.

हे समजायला नाटक कंपनी डोळ्यांपुढे आणा. संहिता तीच, नट तेच. पण आज प्रयोग सांगलीत, उद्या नाशकात, परवा पणजीत. प्रत्येक नाट्यगृहातले दिवे वेगळे, पडदा ओढायची दोरी वेगळ्या बाजूला. मग काय करायचं? प्रत्येक गावासाठी नाटक नव्याने लिहायचं? नाही. त्या त्या थिएटरचा माणूस हाताशी धरायचा. नट फक्त सांगणार, अंधार कर. कुठलं बटण दाबायचं ते तो बघेल. बायोस म्हणजे तो थिएटरचा माणूस.

सीपी/एमचे असे तीन भाग झाले. एक, तुम्ही टाइप केलेली कमांड ऐकणारा. दोन, फाइलींचा हिशेब ठेवणारा. हे दोन्ही सगळ्या मशीनवर अगदी सारखे. तिसरा बायोस, तेवढा बदलायचा. पुढे आलेल्या २.२ आवृत्तीत बायोसची कामं होती फक्त १७. कीबोर्डवरून अक्षर आण, पडद्यावर अक्षर टाक, अमुक ट्रॅकवर जा, अमुक सेक्टर निवड, वाच, लिही, वगैरे. ही १७ कामं जमवलीत की तुमच्या मशीनवर सीपी/एम चालणार आणि सीपी/एम चालला की त्याच्यासाठी लिहिलेले शेकडो प्रोग्रॅम चालणार.

इमसाईने १९७७ मध्ये २५ हजार डॉलर मोजून याचा परवाना घेतला. गॅरीने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ कंपनीत उतरला.

आता तुम्ही म्हणाल, मग ताप मिटला की! नाही. गॅरीचा मिटला. तो गेला गिऱ्हाइकाच्या गळ्यात.

कारण बायोस लिहायचा कुणी? मोठ्या कंपनीचं मशीन असेल तर कंपनी लिहून द्यायची. पण तुम्ही सुटे भाग जोडून मशीन बनवलं असेल, किंवा कंपनी बदलून दुसरा कंट्रोलर टाकला असेल, तर तुम्हीच. डिजिटल रिसर्चकडून यायची एक आठ इंची फ्लॉपी, इंटेलच्या स्वतःच्या मशीनसाठी बनवलेली, आणि सोबत बदल कसे करायचे याचं मॅन्युअल. पुढचं तुमचं तुम्ही.

जरा खोलात जाऊ, कारण खरी मजा इथेच आहे.

त्या फ्लॉपीवर ७७ ट्रॅक असायचे. प्रत्येक ट्रॅकवर २६ सेक्टर आणि एका सेक्टरमध्ये १२८ बाइट. पहिले दोन ट्रॅक सिस्टीमसाठी राखीव. म्हणजे एकूण ५२ सेक्टर. त्यातला अगदी पहिला सेक्टर बूट लोडरचा. मशीन सुरू झालं की आधी तेवढे १२८ बाइट मेमरीत यायचे आणि त्यांनी उरलेल्या ५१ सेक्टरांना ओढून आणायचं. १२८ बाइट म्हणजे किती? आज आपण मोबाइलवर मराठी टाइप करतो त्यात एका देवनागरी खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे जेमतेम ४२ खुणा. एक धड वाक्य बसत नाही तेवढ्या जागेत अख्खी सिस्टीम उचलणारा प्रोग्रॅम बसवायचा.

उरलेल्या ५१ सेक्टरांपैकी ४४ सीपी/एमच्या न बदलणाऱ्या भागांनी खाल्लेले. तुमच्या बायोसला उरायचे ७ सेक्टर, म्हणजे ८९६ बाइट. सगळा कीबोर्ड, पडदा, प्रिंटर, फ्लॉपी त्यात उरकायचं. नाही बसलं तर काटछाट करायची किंवा भलते जुगाड करायचे.

बरं, बायोस लिहिणार कशावर? त्यासाठी एडिटर आणि असेम्बलर लागतो. ते दोन्ही आहेत सीपी/एमच्या फ्लॉपीवर. ती फ्लॉपी वाचायला सीपी/एम चालू पाहिजे. आणि सीपी/एम चालू व्हायला बायोस पाहिजे. आधी कोंबडी की आधी अंडं, याचं इतकं चपखल उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

मॅन्युअलमध्ये यातून वाट दाखवली होती. आधी एक छोटा प्रोग्रॅम लिहा, जो फ्लॉपीचे पहिले दोन ट्रॅक मेमरीत आणेल. त्याचं नाव गेटसिस. मग दुसरा, जो मेमरीतलं पुन्हा फ्लॉपीवर लिहील. त्याचं नाव पुटसिस. पण हे दोन प्रोग्रॅम मशीनमध्ये कसे घालायचे? ज्यांच्या मशीनमध्ये मॉनिटर रॉम होता त्यांनी एक एक बाइट टाइप करायचा. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांनी पुढच्या पॅनेलवरचे खटके वर-खाली करत एक एक बाइट भरायचा. शेजारी कुणाकडे चालता सीपी/एम असेल तर त्याच्याकडे जाऊन पडायचं, हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग.

त्यात मेमरीचं आणखी एक लचांड. सीपी/एम नेहमी मेमरीच्या वरच्या टोकाला जाऊन बसायचा, म्हणजे खालची जागा प्रोग्रॅमना मोकळी. पण वरचं टोक कुठे, हे मशीनमध्ये मेमरी किती यावर ठरणार. मूळ फ्लॉपी २० केच्या मशीनसाठी. तुमच्याकडे ४८ के असेल तर मूव्हसीपीएम नावाचा प्रोग्रॅम चालवून ४८ केची प्रत तयार करायची. ती फाइल म्हणून साठवायची. डिबगरमध्ये उघडायची. तुमचा बायोस त्यात नेमक्या जागी चिकटवायचा. इथे एक ठरलेला खड्डा होता. बायोस चालताना ज्या पत्त्यावर असणार तो पत्ता वेगळा आणि या फाइलमध्ये त्याची जागा वेगळी. दोन्हींमधला फरक हेक्साडेसिमलमध्ये काढून डिबगरला सांगायचा. वजाबाकी एका अंकाने चुकली तर बायोस भलतीकडेच चिकटायचा. मग सिसजेन नावाचा प्रोग्रॅम चालवून सगळं फ्लॉपीच्या पहिल्या दोन ट्रॅकवर उतरवायचं. फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये घालायची. रीसेटचं बटण दाबायचं.

आणि काहीच व्हायचं नाही.

काहीच म्हणजे काहीच. चूक दाखवायला पडद्यावर अक्षर उमटावं लागतं आणि अक्षर उमटवणारा कोडच तुमचा चुकलेला असू शकतो. लोडर चुकला, कंट्रोलरची वेळ चुकली, वजाबाकी चुकली, की फ्लॉपीच खराब, हे शोधायचं कसं? त्यातच मूव्हसीपीएम एकाच्या प्रतीतला आणि सिस्टीम दुसऱ्याच्या प्रतीतली असली तर अनुक्रमांक जुळत नाहीत म्हणून सिंक्रोनायझेशन एरर देऊन मशीन थांबायचं. चोरी रोखायची गॅरीची ती तरतूद, पण प्रामाणिक माणसालाही तिने रडवलं.

याच त्रासावर न्यूयॉर्कच्या लाइफबोट असोसिएट्ससारख्या कंपन्यांनी धंदा उभा केला. तुमचं मशीन सांगा, त्यासाठी तयार सीपी/एम घेऊन जा. पुढे सव्वापाच इंची फ्लॉपी आली तेव्हा घोळ आणखी वाढला. आठ इंचीचा निदान एक ठरलेला साचा होता. सव्वापाच इंचीत ज्याने त्याने आपापला साचा काढला. ऑसबोर्नची डिस्क केप्रोला कळेना. दोन्हींवर सीपी/एमच!

तरीही लोकांनी हे सगळं सहन केलं, कारण पलीकडे बक्षीस मोठं होतं. एकदा का तो प्रॉम्प्ट आला की वर्डस्टार चालायचं, डीबेस चालायचं, हिशेबाचे पॅकेज चालायचे. १९८१ च्या आसपास सुमारे ३ हजार वेगवेगळ्या मॉडेलवर सीपी/एम चालत होता. खुद्द मायक्रोसॉफ्टने ॲपलच्या मशीनवर सीपी/एम चालावा म्हणून १९८० मध्ये कार्ड विकायला काढलं. बिल गेट्सची कंपनी तेव्हा भाषा विकायची आणि ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे गॅरी, असं समीकरण होतं.

आणि मग आला १९८० चा उन्हाळा.

आयबीएमला घाईघाईत पर्सनल कॉम्प्युटर काढायचा होता. त्यांचे लोक आधी गेट्सकडे गेले. गेट्सने त्यांना ऑपरेटिंग सिस्टीमसाठी गॅरीचा पत्ता दिला. आयबीएमची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला पोचली त्या दिवशी सकाळी गॅरी आपलं विमान घेऊन ओकलंडकडे गेलेला होता.

यावरून एक दंतकथा तयार झाली की आयबीएम दारात उभी असताना हा गडी हवेत मजा मारत होता आणि म्हणून अब्जावधी डॉलर हुकले. ही दंतकथा चवीने सांगितली जाते, पण ती अन्यायाची आहे. गॅरी सहकारी टॉम रोलँडरसोबत एका गिऱ्हाइकाकडे कामालाच गेला होता. करारमदार डोरोथीच बघायची, हे कंपनीत ठरलेलं होतं. आयबीएमने बोलणी सुरू करायच्या आधीच एक गोपनीयतेचा करार पुढे केला. त्यात सगळी बंधनं समोरच्यावर आणि आयबीएम मोकळी. डोरोथीने वकिलाला विचारलं आणि सही केली नाही. आज कुठलाही वकील हाच सल्ला देईल. दुपारी गॅरी परतला. पुढे नेमकं काय बोलणं झालं यावर त्या दिवशीच्या माणसांचंच एकमत नाही.

खरं कारण माझ्या मते दुसरं आहे. आयबीएमच्या नव्या मशीनमध्ये १६ बिटच्या घराण्यातली चिप होती आणि तिच्यासाठीचा सीपी/एम-८६ रखडला होता. शिवाय आयबीएमला एकरकमी पैसे देऊन मोकळं व्हायचं होतं, तर गॅरीला प्रत्येक प्रतीमागे पैसे हवे होते. घाईत असलेलं गिऱ्हाईक थांबत नाही.

सिएटलमध्ये टिम पॅटरसन नावाच्या तरुण इंजिनिअरला सीपी/एम-८६ ची वाट बघून कंटाळा आला होता. त्याने सीपी/एमसारखीच वागणारी एक सिस्टीम स्वतः लिहून काढली. गॅरीचा कोड न बघता फक्त मॅन्युअलवरून लिहिली, असं पॅटरसनचं म्हणणं कायम राहिलं. मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये ५० हजार डॉलर देऊन तिचे हक्क घेतले. आयबीएमने ती पीसी-डॉस म्हणून विकली. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी बाजारात आला.

गॅरीने पीसी-डॉस बघितला तेव्हा त्याला आपल्याच घराचा आराखडा दिसला. फाइलीचं नाव आठ अक्षरांचं आणि पुढे तीन, ए ड्राइव्ह, बी ड्राइव्ह, प्रोग्रॅमनी सिस्टीमकडे काम मागायचे क्रमांकसुद्धा तेच. पण सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा कायदा तेव्हा धड ठरलेला नव्हता. कोर्टात न जाण्याच्या बदल्यात आयबीएमने सीपी/एम-८६ सुद्धा विकायचं कबूल केलं. गॅरीला वाटलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या की लोक चांगली उचलतील. आयबीएमने किंमत लावली. पीसी-डॉस ४० डॉलर. सीपी/एम-८६ २४० डॉलर. पुढे काय झालं ते सांगायला नको.

आणि बूट डिस्क? आयबीएम पीसीमध्ये बायोस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा बसवलेला होता. नाव गॅरीचंच, बायोस. आता गिऱ्हाइकाला तो लिहायची गरज उरली नाही. फॉरमॅट कमांड देऊन पुढे तिरकी रेघ आणि एस लावला की दोन मिनिटांत बूट डिस्क तयार. बाकीच्या कंपन्यांनीही आयबीएमच्या बायोसची हुबेहूब वागणारी नक्कल बनवली आणि सगळी मशीनं एकसारखी होत गेली. ३ हजार तऱ्हेच्या मशीनवर चालण्याची सीपी/एमची जी खरी ताकद होती, तिची किंमतच संपली.

गॅरी कफल्लक झाला असं मात्र समजू नका. डिजिटल रिसर्च आणखी काही वर्षं चांगली चालली. त्याच्याकडे विमानं होती, वेगवान गाड्या होत्या, होड्या होत्या. १९८३ पासून तो कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमात सहसूत्रधार म्हणून दिसू लागला. दाढीवाला, शांत, समोरच्याचं ऐकून घेणारा. जुने भाग आजही इंटरनेटवर बघता येतात, जरूर बघा. सीडीवर एन्सायक्लोपीडिया टाकण्याचं काम त्याच्या दुसऱ्या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या मध्यात केलं, तेव्हा सीडी म्हणजे लोकांना फक्त गाणी वाटायची. १९८८ मध्ये डिजिटल रिसर्चने डीआर-डॉस काढून मायक्रोसॉफ्टला तिच्याच मैदानात घाम फोडला. १९९१ मध्ये कंपनी नोव्हेलने विकत घेतली.

पण आतून तो खचत गेला होता. डोरोथीशी १९८३ मध्ये घटस्फोट झाला. पुढे दुसरं लग्नही टिकलं नाही. दारू वाढली. जिथे जाईल तिथे लोक विमानाची तीच गोष्ट विचारायचे. १९९२ मध्ये त्याच्या युनिव्हर्सिटीतल्या कॉम्प्युटर विभागाचा वर्धापनदिन होता. गॅरी तिथला पीएचडी. त्याला बोलावलं, पण श्रोता म्हणून. प्रमुख वक्ता होता बिल गेट्स, जो तिथे शिकलाही नव्हता. हा घाव त्याच्या फार जिव्हारी लागला. त्यानंतर त्याने आपली बाजू मांडणाऱ्या आठवणी लिहून काढल्या आणि काही जवळच्या माणसांना प्रती दिल्या. पुस्तक म्हणून त्या त्याच्या हयातीत आल्या नाहीत. त्यातला काही भाग कुटुंबाच्या परवानगीने २०१६ मध्ये लोकांसमोर आला.

८ जुलै १९९४ ला मॉन्टेरेतल्या एका बारमध्ये गॅरीच्या डोक्याला मार लागला. तो पडला की पाडला गेला, हे कधीच नक्की झालं नाही. तीन दिवसांनी, ११ जुलैला तो गेला. वय ५२.

पॅसिफिक ग्रोव्हमध्ये लाइटहाउस ॲव्हेन्यूवर डिजिटल रिसर्चचं जुनं ऑफिस होतं. तिथे २०१४ मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेने सीपी/एमच्या नावाने फलक बसवला.

सीपी/एमचा कोड आता सगळ्यांना मोकळा आहे. झेड-८० चिपचे सुटे भाग मागवून घरी कॉम्प्युटर जोडणारी हौशी मंडळी जगभर आहेत. फ्लॉपीच्या जागी त्यांनी मेमरी कार्ड लावलंय. पण कार्डाशी बोलायला बायोस ज्याचा त्यालाच लिहावा लागतो. तीच १७ कामं, तीच हेक्साडेसिमलची वजाबाकी. आणि पहिल्यांदा रीसेट दाबल्यावर बहुतेकांच्या पडद्यावर अजूनही काहीच येत नाही.